व्याह्यांच्या छताची दहा वर्षं

कागदावर विश्वास ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण कागदाच्या भरवशावर स्वतःच्या घरात तीन पावसाळे भिजणारा माणूस जगात एकच, आणि तो नेमका माझ्या मुलाचा सासरा निघाला. दुसरा कोणी असता तर चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण पडले व्याही! तावातावाने गोंदियाजवळच्या मुर्री गावात त्यांच्या घरी जावं, तर दारातच हात जोडून म्हणतात, "बसा नं जी इवाई, चहा मांडतो." आता अशा माणसावर ओरडायचं तरी कसं?

त्यांची सगळी नोकरी चोरखमारा तलावाच्या कालव्यावर गेली. धानाला पाणी हवं तर अर्ज हवा, अर्जाशिवाय हे कालव्याच्या दाराचं चाक फिरवायचे नाहीत. शेतकरी बांधावरून आईबहीण काढायचा. हे शांतपणे खिशातून कोरा कागद काढून त्याचा अर्ज स्वतःच लिहायचे, त्याची सही घ्यायचे, मग तोच अर्ज स्वतःच दोनदा वाचून मंजूर करायचे आणि पाणी सोडायचे. एकदा मी न राहवून विचारलं, "अहो, शेत वाळलेलं डोळ्यांनी दिसत होतं ना?" तर म्हणाले, "दिसे नं जी. पण दिसलेलं फायलीत लावता येते का?" कप्पाळ!

निवृत्त झाल्यावर त्यांनी मुर्रीत घर बांधलं आणि छत गळू नये म्हणून एका बड्या कंपनीकडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. कंपनीने दहा वर्षांच्या वॉरंटीचा सोनेरी किनारीचा कागद दिला. तो यांनी काचेत मढवून बैठकीत देवाच्या फोटोशेजारी टांगला. आल्यागेल्याला आधी पाणी, मग वॉरंटी, मग चहा. पाहुणा पूर्ण वाचेपर्यंत चहा काही यायचा नाही. त्यावर तळाशी लाल अक्षरांत छापलं होतं की दुसऱ्या कारागिराने छताला हात लावल्यास वॉरंटी रद्द. हे वाक्य व्याही मोठ्याने म्हणून दाखवायचे.

चौथ्या वर्षी छत गळू लागलं आणि नेमकं विहीणबाईंच्या खाटेवर. त्यांना दम्याचा त्रास. डॉक्टरांनी बजावलं, ओलाव्यात झोपायचं नाही. म्हणून त्या लेकीकडे, म्हणजे गोंदियात आमच्याकडे आल्या. दोन लुगडी घेऊन आल्या, कारण व्याही म्हणाले होते, "पंधरा दिवसाची गोष्ट हाय, कंपनीवाले येऊनच राहिले." मुर्रीचा गवंडी म्हणत होता, एका दिवसात करून देतो. पण गवंडी नुसता मान वर करून छताकडे बघत गेला, तरी यांना वाटायचं की वॉरंटी गेली!

मग सुरू झाले फोन. फोन लागला की व्याही खुर्चीतून उठून उभे राहायचे. मशीन बोलायचं, "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है," आणि हे मान डोलवायचे. मला म्हणाले, "इवाई, माह्या साहेबानं तीस वर्षांत मले एकदाही महत्त्वाचं म्हटलं नाही." मग पाऊण तास गाणं. मग कोणीतरी मुलगी यायची, पहिल्यापासून सांगा म्हणायची, आणि हे पायाच्या खोदकामापासून सुरुवात करायचे. ती नवा तक्रार क्रमांक द्यायची, हे तो वहीत उतरवून घ्यायचे आणि शेवटी "जेवलीस का बाई?" विचारून फोन ठेवायचे. यांच्या घरात टोपली भिजली, गादी भिजली, पण ती वही कधी भिजली नाही.

इकडे रोज संध्याकाळी विहीणबाई फोन लावून एवढंच विचारायच्या, "आले का जी?" तिकडून उत्तर, "उद्या येऊन राहिले." मग त्या आपली दोन लुगडी पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवायच्या. असे तीन पावसाळे! कंपनीचा एक माणूस फिरकला नाही. मला अक्षरशः रडू यायचं. एकदा म्हणालो, "हेही तुमचंच घर आहे." त्या म्हणाल्या, "घर चांगलंच हाय भाऊ. पण येथं मले चूल पेटवाले इचारा लागते."

शेवटी एक दिवस मी ठरवूनच मुर्रीला गेलो. म्हटलं, नातं गेलं खड्ड्यात, आज बोलणार. तर व्याही जमिनीवर बसलेले, काच काढून ठेवलेली आणि वॉरंटीचा कागद उलटा करून मांडीवर घेतलेला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी होत्या. इतकी वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या! सातवी अट म्हणत होती, छतावर वाळवण घातल्यास वॉरंटी लागू नाही. आणि कंपनीने मागितले म्हणून यांनीच फोटो पाठवले होते, एक नाही, असतील नसतील तेवढे. त्यातल्या निम्म्यांत विहीणबाई हसत बसलेल्या आणि त्यांच्यापुढे चादरीवर कोहळ्याच्या वड्या. त्या वड्यांवर बोट ठेवून कंपनीने तक्रार बंद केली होती.

माझं डोकंच फिरलं. "आपण ग्राहक मंचात जाऊ! गोंदियात कोणत्या छतावर वड्या वाळत नाहीत?"

"कायले जी?" ते हळूच म्हणाले. "नियम त्याईचा बरोबर हाय. लिहून हाय नं." मग म्हणाले, "फक्त हिले सांगू नका. आपल्या वड्यानं झालं म्हणून जन्मभर जीवाले लावून घेईन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुर्रीच्या गवंड्याला छतावर चढवलं. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले आणि कानाच्या पाळ्या लाल करून म्हणाले, "कंपनीवाले आले होते. वॉरंटीतच करून देलं." आयुष्यातली त्यांची पहिली खोटी नोंद असावी. विहीणबाई चहालासुद्धा थांबल्या नाहीत.

आता खाटेवर गळत नाही. पण गवंड्याचंच काम ते, यंदाच्या श्रावणात स्वयंपाकघरात गळू लागलं. मी गेलो तेव्हा विहीणबाई थेंबाखाली गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, ठेवून खुशीत भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "अजी, लावा नं कंपनीले फोन. मागं आले होते नं, आताही येतीन."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नेहमीसारखे उठून उभे राहिले, पडवीत गेले आणि फोन कानाला लावला. फोनचा पडदा काळाच होता, नंबर काही लावला नव्हता. "हो मॅडम," ते म्हणाले. "हो, थांबतो नं." आणि पावसाकडे तोंड करून खरंच थांबून राहिले.

"काय म्हणते जी?" आतून हाक आली.

व्याह्यांनी फोनवर हात ठेवला आणि मागे वळून, अगदी अदबीनं सांगितलं, "म्हणते, तुमचा फोन आमच्यासाठी लय महत्त्वाचा हाय."