आईच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

चार महिने झाले तरी राग गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं पुडीचे कागद वाचून शिकले. तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

माझ्या आईचा एकच फोटो होता. आंबिवलीला वीटभट्टीवर विटा वाहायची ती, फोटो काढायला कोण बसलंय? मामाच्या लग्नात कुणीतरी धरून उभी केलेली, तेवढाच. आई जाऊन यंदा वीस वर्षं झाली. स्मृतिदिनाला भंतेजी येणार, तर फोटो मोठा करून लावू, असं ठरलं. मुलगा तो मानपाड्याच्या स्टुडिओत देऊन आला.

शुक्रवारी मी आणायला गेले. फ्रेममध्ये एक गोरी बाई. ओठ गुलाबी. हनुवटी कोरी, गुळगुळीत.

"ही कोण?" मी स्टुडिओतल्या पोराला विचारलं.

"मावशी, तुमच्याच आई. इमेज क्लीन केलीय. तोंडावर डाग होते, ते काढले."

डाग! अरे, ते गोंदण होतं. तीन ठिपके. लहानपणी तिच्या मांडीवर झोपताना मी त्यांच्यावर बोट ठेवायची.

"जुना फोटो दे माझा."

तो म्हणाला, फोटो काचेला चिकटलेला, काढताना फाटला, टाकून दिला. पण इमेज आहे ना कॉम्प्युटरमध्ये.

"मग ती जुनी काढ."

"त्याच फाईलवर नवीन सेव्ह झाली, मावशी."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, तसा तो हात जोडून म्हणाला, "हळू बोला ना, दुकानाची इमेज खराब होते."

"तुझ्या दुकानाची होते, आणि माझ्या आईचं तोंड पुसलंस ते?"

घरी फोन लावला, तर मुलाला त्याने मोबाइलवर आधीच पाठवलेली. मुलगा म्हणतो, "आई, इमेज चांगली आलीय गं. आजी फ्रेश दिसते." भट्टीवर राबलेली बाई फ्रेश दिसते! मी फोन ठेवला.

आता आईचं तोंड माहीत असलेली मी एकटीच उरलेय. भाऊ गेला, मामा गेला, मुलगा तेव्हा तान्हा होता. मग सुचलं. सात वर्षांची असताना जत्रेत गोंदणारणीपुढे मी हट्टाने बसलेली, "आईसारखंच काढ" म्हणून. रडले खूप, पण काढून घेतलं.

स्टुडिओतल्या त्या पोराच्या दिव्याखाली जाऊन बसले, हनुवटी वर केली. "काढ फोटो. हे तीन ठिपके उचल आणि तिला लाव. मधला जरा खाली. तिचा खाली होता."

त्याने लावले. मग विचारतो, "रंग थोडा डार्क करू? किती?"

मी कोपरापर्यंत हात काउंटरवर ठेवला. "एवढा."

रविवारी फोटो लावला. आलेले म्हणाले, अगदी तुझ्यासारखी दिसते गं. दिसणारच, अर्धी मीच आहे त्यात. गालावरच्या सुरकुत्या काही परत आल्या नाहीत. तो स्टुडिओवाला अजून रस्त्यात दिसला की "मावशी, बऱ्या आहात ना" म्हणतो. मी उत्तर देत नाही.