पोपटासाठी स्थळ

माणसं घरचा पक्षी का देऊन टाकतात, याची कारणं ऐकण्यात माझी निवृत्तीनंतरची बरीच वर्षं गेली. त्यातलं एकही कारण मला पटलेलं नाही.

सुरुवात अगदी निरुपद्रवी होती. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा लेकीनं बजरिगर पक्ष्यांची एक जोडी आणून दिली. आमच्या कोथरूडमध्ये बजरिगरना सगळे लव्हबर्ड म्हणतात आणि दुरुस्त करायला गेलं की आपल्याकडे दयेनं बघतात. मला पक्ष्यांची काडीची आवड नव्हती. आमच्या ह्यांना तर नव्हतीच. "आपण दोघं बोलतो ते कमी पडतंय का?" असं विचारून त्यांनी तोंडासमोर पेपर धरला. आठवड्याभरानं सकाळी उठून पाहते तर हे पिंजऱ्यासमोर उकिडवे बसून कोथिंबिरीची एकेक काडी आत सारत होते. मला पाहून म्हणाले, "वाया चालली होती."

त्या जोडीतला निळा नर माझ्या चष्म्याच्या दांडीवर येऊन बसायचा आणि कानात तासन्‌तास काहीतरी पुटपुटायचा. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कानाशी इतकं सलग आणि इतक्या प्रेमानं कुणी बोललं नव्हतं. मी त्याच्या प्रेमात पडले, हे सरळच सांगते. ती दोघं घरभर मोकळी उडू लागली, तेव्हा बैठकीच्या खोलीतला पंखा कायमचा बंद झाला. चुकून कुणी लावू नये म्हणून ह्यांनी बटणावर पांढरी चिकटपट्टी लावली. एप्रिल-मे महिन्यात आलेले पाहुणे आधी पंख्याकडे बघत, मग आमच्याकडे, आणि लवकर उठत. हा फायदा आम्ही हिशोबात धरलेलाच नव्हता.

मग टाळेबंदी आली आणि उठली. घरात बसून कंटाळलेल्या पुष्कळ लोकांनी त्या काळात पक्षी घेतले होते. ऑफिसं पुन्हा सुरू झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पक्षी अजून घरातच आहे. कोथरूडच्या एक बाई पक्षी ठेवून घेतात, ही बातमी कशी पसरली देव जाणे, पण आमच्या दारात पिंजरे येऊ लागले. कुणी नवा सोफा घेतला होता. कुणाला वास्तुवाल्यानं ईशान्येला पिंजरा नको म्हणून सांगितलं होतं. "मग नैर्ऋत्येला सरकवा की," हे म्हणाले, पण त्या गृहस्थांना तसला उपाय नको होता. एक बाई म्हणाल्या, "फार ओरडतो हो." ह्यांनी शांतपणे विचारलं, "मग काय, पेपर वाचेल अशी अपेक्षा होती?"

कारण काहीही असो, शेवटचं वाक्य सगळ्यांचं एकच असायचं. "आमचा फार जीव आहे हो त्याच्यावर." असं म्हणून ते पिंजरा खाली ठेवायचे आणि लिफ्टचं बटण दाबायचे. मी दारात उभी राहून त्यांना म्हणायची, "या हं. सावकाश जा." शब्द अगदी घरंदाज होते, पण ते म्हणताना माझा जो सूर लागायचा तो ऐकून लोक लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरायचे.

आलेल्या पक्ष्यांना मी हळूहळू घरं शोधून दिली. आमची स्वतःची जोडी म्हातारी होऊन गेली. राहिला तो करडा.

करडा म्हणजे आफ्रिकन पोपट. अंगानं राखाडी, शेपटी लाल, डोळे वरिष्ठ लेखापरीक्षकाचे. तो कसबा पेठेतल्या एका गृहस्थांचा. ते एकटेच तिसऱ्या मजल्यावर राहायचे. पत्नी वारलेली, इमारत पुनर्विकासाला निघालेली, आणि मुलाच्या बंगळूरच्या घरात जागा होती ती एका माणसापुरती. त्यांनी मला घरी बोलावून घेतलं आणि समोर बसवलं. चहा विचारला नाही, प्रश्न मात्र पुष्कळ विचारले. दुपारी घरी कोण असतं? नॉनस्टिकची भांडी वापरता का? त्यांचा धूर ह्याला सोसत नाही. उदबत्ती लावता का? मी सगळी उत्तरं बरोबर दिली. मग ते म्हणाले, "आपलं वय?"

"पासष्ट," मी म्हटलं.

"थोड्या लहान असतात तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "हा अजून तीसेक वर्षं सहज काढेल."

रिक्षात घरी येईपर्यंत मी धुमसत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "घेऊन जा. दुसरं कुणी मिळत नाही." इतक्या आदरानं आम्हाला आजवर कुणी काही दिलेलं नाही.

आम्ही पिंजरा उचलून जिन्याशी आलो तेव्हा ते त्याला म्हणाले, "येतो हं." निघत आम्ही होतो, पण रोज बाहेर पडताना ते त्याला हेच म्हणत असणार. दुसरं काही सुचलं नसावं. आणि पुढे आमच्या घरात कुणीही चपला पायात सरकवल्या की करडा त्याच घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "येतो हं!" मी भाजी आणायला निघाले तरी कसब्यातले गृहस्थ माझा निरोप घ्यायचे.

सुरुवातीला ते दर रविवारी फोन करायचे. मी फोन पिंजऱ्याला लावून धरायची. तिकडून ते काही बोलायचे नाहीत, इकडून हाही बोलायचा नाही. पुढे फोन थांबले. मधे दोनदा ते पुण्यात येऊन गेल्याचं त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं, पण आमच्याकडे फिरकले नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात आणि ह्यांच्यासमोर मोठ्यानं खूप बोलून घेतलं. एवढा जीव होता तर रिक्षात बसून कोथरूडला यायला काय झालं होतं?

करड्यावर माझा जीव कसा जडला ते सांगणं कठीण आहे, कारण तो प्रेमळ वगैरे अजिबात नव्हता. साधा हिरवा पोपट पाळायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे तो बाहेर पेरूच्या झाडावर थव्यानं बसून आमच्या ह्या परदेशी पाहुण्याला शिव्या द्यायचा. करडा खिडकीत बसून ते सगळं ऐकून घ्यायचा आणि मग मिक्सरचा आवाज काढून उत्तर द्यायचा. संध्याकाळी मात्र माझ्या खांद्यावर येऊन मान खाली घालायचा. मानेवरची पिसं मी बोटानं उलटी विंचरली की डोळे मिटायचा. दिवसभरात माझ्याकडून कुणाला काही हवं असायचं ते एवढंच.

गेल्या वर्षी ह्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. आम्ही काही दिवस दवाखान्यात होतो, शेजारी येऊन करड्याला खायला घालत होते. परत आलो तेव्हा त्याची छाती उघडी पडलेली. स्वतःची पिसं त्यानं स्वतःच उपटली होती. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, एकटा पडला. त्या दिवशी मी पहिल्यांदा तीस वर्षांचा नीट विचार केला. आम्ही दोघं गेलो तर ह्याचं काय? लेक वाकडला असते, पण नातवाला दमा आहे. पिसांची धूळ त्याला चालत नाही, तेव्हा तो रस्ता बंद.

म्हणून आम्ही स्थळं बघायला सुरुवात केली. पक्षीप्रेमींच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर ह्यांनी सांगितला: "करडा, शाकाहारी, निर्व्यसनी, स्वभावाने हट्टी. पूर्वीचे एक घर. स्वतःचा पिंजरा आहे. अपेक्षा: घरात सदैव माणूस हवे. ताबा आमच्या पश्चात." 

पहिलं स्थळ हिंजवडीतल्या एका तरुण जोडप्याचं. पोहे केले, बिनकांद्याचे, कारण कांदा करड्याला विष आणि पोहे तर त्याला हवे असायचे. मुलगी फोन सरसावून म्हणाली, "आँटी, ही इज सो क्यूट! पण हा ऑन डिमांड बोलतो का?" करड्यानं तिच्याकडे पाठ केली आणि त्या पाठीचाच व्हिडिओ निघाला. दुसरे आमच्याच सोसायटीतले निवृत्त अधिकारी. ते म्हणाले, "मोकळं सोडू नये, सवयी बिघडतात." त्यांनी पोह्यांचा दुसरा घास घ्यायच्या आत मी नकार ठरवला. असे बरेच आले आणि माझ्या त्याच सुरातला निरोप ऐकून जिन्यानं गेले. लेक म्हणाली, "माझ्या लग्नाच्या वेळी तू जावयाला एकच प्रश्न विचारला होतास, पोहे आवडले का."

मांजरी गावाहून सासू-सून आल्या त्या मोठ्या गाडीतून. त्यांचं अर्धं रान इमारतींना गेलेलं, अर्ध्यात अजून ऊस. सुनेला पक्ष्यांचा नाद होता, लोकांनी टाकलेले दोन-तीन तुरेवाले कॉकटील पक्षी तिच्याकडे आधीच होते. सासूबाई माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठ्या. त्या बसल्या आणि त्यांनी आमचं घर पाहायला सुरुवात केली.

"एवढ्याशा खोलीत उडतोय व्हय?" त्यांनी विचारलं. मग वर बघून, "पंखा का बंद हाय?"

मी चिकटपट्टी दाखवली. तेवढ्यापुरती त्यांची मान पसंतीनं हलली.

"घरात मानसं किती?"

"दोघं," मी म्हटलं.

"आमी अकरा हाय. कुत्रं धरलं तर बारा. पर ते बांधल्यालं असतंय." मुलाखत माझी चालली होती, आणि ती बरी चाललेली नव्हती. एवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमच्या माघारी न्यायचा म्हनताय. मग तवा दार कोन उघडंल?"

"लेकीकडे किल्ली आहे, वाकडला असते ती," हे म्हणाले.

"ती वाकडवरनं कवा येनार? आली तरी आधी तुमचं बघंल का पाखराचं? तवर ह्यानं काय करायचं?" ह्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. "राग मानू नका," त्या म्हणाल्या. "द्यायचा तर आत्ता द्या. तुमी हाय तवर त्याला आमची सवय लागंल. नाय लागली तर हितं फिरून आनू. तुमच्या माघारी कुठं आननार?"

हे चाललेलं असताना सून करड्याकडे पाठ करून जमिनीवर बसली होती आणि पेरू कापत होती. तिनं त्याला बोलावलं नाही, चुचकारलं नाही. थोड्या वेळानं तो पडद्याच्या दांडीवरून उतरला आणि चालत चालत तिच्या गुडघ्याशी गेला. आमच्याकडे पहिला पेरू घ्यायला त्याला महिना लागला होता.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "फार उद्धट बाई आहे."

"आहे," हे म्हणाले. "आणि बरोबर बोलली."

दोन दिवस मी घरातले सगळे डबे घासून काढले. तिसऱ्या दिवशी फोन केला.

मांजरीला जाताना पिंजरा मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधला होता आणि शेजारी मी. ज्यांना पक्ष्यांची आवड नाही त्या आमच्या ह्यांनी त्याची पाण्याची वाटी धुऊन, पुसून स्वतःच्या रुमालात गुंडाळून घेतली होती. त्या घराच्या ओसरीला जाळी मारून आत आंब्याची आख्खी फांदी उभी केलेली. आमच्या बैठकीच्या खोलीहून ती जागा मोठी होती. करडा फांदीच्या टोकाला जाऊन बसला. मी सुनेला सूचना द्यायला लागले: कांदा नाही, चहा नाही, उदबत्ती लांब, संध्याकाळी मानेवरची पिसं उलट्या बाजूनं. ती सगळ्याला "हो काकू" म्हणत होती. सासूबाईंनी विचारलं, "मग आता कशाला थांबलाय?"

तेव्हा मी म्हणाले, "आमचा फार जीव आहे हो त्याच्यावर."

तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय म्हटलं ते. ह्यांनाही कळलं, कारण त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी चपला पायात सरकवल्या. आता तो कसब्यातल्या आवाजात "येतो हं" म्हणणार, एवढं ऐकलं की निघू, असं मी मनाशी ठरवलं होतं. करड्यानं मान वाकडी करून माझ्या पायांकडे पाहिलं, आणि आमच्या घरी जे तो एकदाही बोलला नव्हता ते बोलला. आवाज माझा होता. सूरही माझाच होता, लोकांना जिन्यानं उतरवणारा.

"या हं. सावकाश जा."

सगळं घर हसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "बगा, आमचा झाला की!" मीही हसले आणि गाडीत बसल्यावर रडले. ह्यांनी मांजरीपासून कोथरूडपर्यंत एकही टोमणा मारला नाही, यावरून त्यांचीही अवस्था कळावी.

सून दर रविवारी फोन करते, या म्हणते. छातीवरची पिसं परत आलीत, दुपारी ओसरीत भाजी निवडत बसणाऱ्या बायकांच्या मधोमध तो बसतो, पेरू खातो. आम्ही अजून गेलेलो नाही. कोथरूडहून मांजरी फार लांब आहे असं आम्ही सांगतो. कसब्यातल्या त्या गृहस्थांना फोन करावा असं रोज मनात येतं, पण त्यांना काय म्हणायचं ते ठरत नाही.

आता एप्रिल आहे. काल बैठकीच्या खोलीत पेपरनं वारा घेत हे म्हणाले, "आता पंखा लावायला हरकत नाही." मी उठून बटणापर्यंत गेले, चिकटपट्टीच्या एका कोपऱ्यात नख घातलं आणि ती पुन्हा नीट दाबून बसवली.