दिवाळीपर्यंतची मुदत

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामी झाली. दोन हजार चार सालच्या दिवाळीनंतर तिथे सुनीती राहायला आली. औशाची मुलगी, लातूरजवळच्या. इंजिनिअर झाली आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लागली. तिचे वडील उत्तरेश्वरराव शाळामास्तर. ते स्वतः तिला पोचवायला आले होते. खिडकीचे गज, दाराची कडी, न्हाणीघरातला नळ, सगळं तपासून झाल्यावर ते माझ्या देवघरापाशी उभे राहिले, दत्ताच्या तसबिरीला हात जोडले आणि म्हणाले, "ताई, लेकरू तुमच्या पदरात टाकतोय."

पदर असा न विचारताच भरला गेला. दुसऱ्या दिवसापासून रोज आठ वाजता त्यांचा फोन सुरू झाला. सुनीतीजवळ मोबाईल होता, पण फोन यायचा तो आमच्या घरच्या नंबरावर. "मोबाईल कुठूनबी उचलता येतो, ताई. लेकरू आलं का?" कंपनीची बस साडेसातला कोपऱ्यावर सोडायची. मी म्हणायची, "आली." मग ते तिच्याशी दोन मिनिटं बोलायचे.

शनिवारी सकाळी सुनीती माझ्यासमोर मेथी निवडायला बसे. हात चालू असले की तिचं तोंडही चाले.

"काकू, औशात मी मास्तरांची पोरगी होते. रस्त्यात कोणाशी बोलले की मी घरी पोचायच्या आत बातमी पोचायची. वाटलं, पुण्यात कोणाला काय पडलंय! इथे तर दारात कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. चहाला किती वेळा उठले तेही त्या मशीनला कळतं."

"किती वेळा उठतेस?"

"तुम्ही पण ना, काकू!"

मी हसायची. पोर कामाला चोख होती, देवापुढे रांगोळी माझ्यापेक्षा सुबक काढायची. पण खिडकीपाशी फार वेळ उभी राहायची, हेही मी पाहत होते.

पुढच्या वर्षी आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचा नेम धरला: खोटं बोलायचं नाही. कांदा-लसूण तर दरवर्षीच सोडते. घरात बसणाऱ्या बाईला खोटं बोलायची वेळ येतेच कुठे, म्हणून हा नेम सोपा वाटला. हे म्हणाले, "मग चार महिने सोसायटीच्या मीटिंगला जाऊ नकोस." मी मनावर घेतलं नाही. उलट उत्तरेश्वररावांना फोनवर कौतुकानं सांगून टाकलं. ते इतके भारावले की त्यांनी शाळेत इतर मास्तरांना सांगितलं. मला बरं वाटलं, हे कबूल करते. नेमाचा गाजावाजा करू नये, असं पोथीत असतं. वाचते मी रोजच.

गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईत पत्री घ्यायला गेले होते. रिक्षाची वाट पाहत उभी असताना समोरून एक मोटारसायकल गेली. पुढे मुलगा, मागे मुलगी. पुण्यातल्या मुली गाडीवर बसल्या की स्कार्फनं डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळतात. "कॉलेजला चालल्यात की दरोड्याला, कळत नाही," असं हे म्हणतात. तर चेहरा दिसला नाही, पण खांद्याला पिशवी होती. माझ्या जुन्या इरकली साडीची, मीच सुनीतीला शिवून दिलेली.

घरी आल्यावर मी मोदकांसाठी नारळ खवायला बसले. सुनीती आली आणि न विचारता खोबऱ्याची वाटी उचलून समोर बसली.

"तुम्ही पाहिलंत ना?"

"पिशवी पाहिली."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग सगळं सांगितलं. मुलाचं नाव ऋषी. तिच्याच कंपनीत. पुण्याजवळच्या मांजरी गावचं शेतकऱ्याचं घर, उसाच्या अर्ध्या रानात आता इमारती उभ्या राहिल्यात.

"भेटून करता तरी काय तुम्ही?"

"जागा शोधतो, काकू. खरंच! बागेत बसलं की रखवालदार शिट्टी मारतो. हॉटेलात कॉफी संपली की वेटर टेबल पुसायला लागतो. शेवटी पुलावर गाडी लावायची आणि गाडीवरच बसायचं, नदीकडे तोंड करून. तिथे सगळे तसेच बसलेले असतात. नदीचा वास येतो, पण कोणी उठवत नाही."

"लग्न करणार आहेस का त्याच्याशी?"

"तेच तर माहीत नाही. चांगला आहे तो. पण आता तोही विचारायला लागलाय, घरी कधी सांगतेस, कुठे होतीस, फोन का नाही उचललास. त्याची आई म्हणते, पोरगी कुठली हाय ते आधी सांग. सगळ्यांना उत्तरं हवीत, काकू, आणि मला अजून प्रश्नच नीट कळला नाहीये. चोवीस वर्षांत पहिल्यांदा कोणा मुलाशी धड बोलले. इतक्या लवकर कसं कळणार?" तिनं वाटी खाली ठेवली. "दिवाळीला घरी जाईन, तेव्हा काय ते मीच बाबांना सांगेन. हो की नाही, जे असेल ते. तोवर त्यांनी तुम्हाला विचारलं, तर नाही म्हणाल?"

"माझा नेम आहे, सुनीती."

"माहितीये," ती म्हणाली आणि पुन्हा नारळ खवू लागली.

दसऱ्याला आठ वाजता फोन आला. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, असं बोलून झालं आणि उत्तरेश्वररावांनी आवाज उतरवला. मग म्हणाले, "ताई, एक विचारतो. आमच्या गावच्या एकानं लेकराला कुणाच्या तरी गाडीवर बघितलं म्हणे. तसं काही आहे का?"

सुनीती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात ताट तसंच. देवघरात समई जळत होती. मी तिकडे पाठ केली.

"नाही," मी म्हणाले.

फोनमध्ये मोठा सुस्कारा ऐकू आला. "बास, ताई. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी आणखी दहा जणांना विचारलं असतं. तुमचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. लातूरचं स्थळ आलंय. पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे मुलगा. मनात शंका होती म्हणून थांबलो होतो. आता काय अडचण? येत्या रविवारी घेऊन येतो त्यांना. मुलाची आत्या पुण्यातच असते, तुमच्याच घरी कार्यक्रम करू."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी सुनीतीला बोलवायला सांगितलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, मला थोडा वेळ द्या." पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "वेळ कशाला? कुणी असलं तर तसं सांग. ताई तर नाही म्हणतात." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही, बाबा." फोन ठेवला.

"मी परत लावते," मी म्हणाले. "सांगते, खोटं बोलले म्हणून. माझं काय जायचंय?"

"तुमचं नाही, काकू, माझं जाईल. बाबा उद्या सकाळच्या गाडीनं येतील आणि सामान बांधायला लावतील. मग नोकरीही नाही, पुणंही नाही, आणि लातूरचं स्थळ आहेच." तिनं ताट ओट्यावर ठेवलं. "आता 'नाही' हेच खरं धरू या."

मी दुसऱ्या दिवशी उपास केला. रोज चार ओळी लिहिते त्या वहीत दसऱ्याचं पान मात्र कोरं आहे.

ऋषीला तिनं रविवारच्या कार्यक्रमाचं सांगितलं. तो म्हणाला, तू घरी सांगितलंच नाहीस ना, मग आता मला कशाला सांगतेस. त्यानंतर शनिवारपर्यंत त्याचा फोन आला नाही.

रविवारी मंडळी आली. मुलगा अबोल होता, सोफ्याच्या कडेवर बसून घड्याळाचा पट्टा फिरवत होता. त्यालाही कोणी विचारलं असेल का, कोण जाणे. सुनीतीनं मोतिया रंगाची साडी नेसली होती. पोहे झाले, चहा झाला. स्वयंपाक येतो का, नोकरीची बदली लातूरला होईल का, हेही झालं. उत्तरेश्वररावांनी तीनदा माझ्या नेमाची गोष्ट सांगितली. मी दर वेळी कपबशा आवरायचं निमित्त करून उठले.

मुलाची आई, सुशीलाबाई, शेवटी माझ्याकडे वळल्या. "अहो, वर्षभर तुमच्या डोळ्यांसमोर आहे पोरगी. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणे. सांगा बरं, कशी आहे?"

सुनीतीनं त्या दिवसात पहिल्यांदाच मान वर केली. ती सांगा म्हणत होती की सांगू नका म्हणत होती, ते मला तिच्या डोळ्यांत दिसेना. कदाचित तिलाही माहीत नव्हतं. त्यासाठीच तर ती दिवाळी मागत होती.

"चांगली आहे," मी म्हणाले.

हे शंभर टक्के खरं होतं.

"मग झालं तर," सुशीलाबाईंनी कप खाली ठेवला. उत्तरेश्वररावांनी डोळे टिपले. कोणीतरी साखर आणायला सांगितली. सुनीती उठली आणि एकेका वडीलधाऱ्याला वाकून नमस्कार करू लागली. माझ्यापाशी आली, तेव्हा मी पाय मागे घेतले.

"असं काय करता, ताई?" उत्तरेश्वरराव हसत म्हणाले. "घ्या नमस्कार. खरा मान तुमचाच आहे."

सगळे बघत होते. ती वाकलेलीच होती. मी पाय पुढे केले.