ताजुद्दीन मापाऱ्याचं पत्रक

साठ-बासष्ट सालची गोष्ट. सरकारनं पायली-शेर मोडीत काढून किलो आणायचं ठरवलं, आणि आम्हा अडाण्यांना समजावं म्हणून एक आठ पानी पत्रक धाडलं. ते इतकं सोपं होतं की पौडच्या बाजारात एकालाही कळलं नाही. शेराचे किलो करायला दशांशचिन्हापुढे पाच आकडे. किलोची जन्मकथा दोन पानं. पायली घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईनं काय करायचं, एवढंच छापायचं राहिलं. जागा पुरली नसावी.

ताजुद्दीन आमच्या बाजारातला मापारी. तीस वर्षं गावोगावचं भात त्याच्या पायलीनं मोजलं जाई, आणि मापामागे पसाभर भात त्याच्या झोळीत पडे. शिक्षण चौथी, अक्षर मोत्यासारखं, हात चोख. त्यानं माप मारलं असं वैऱ्यानंही कधी म्हटलं नाही. त्यानं पत्रक तीनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"ह्ये ज्यानं लिवलंय, त्यानं पायली कंदी बघितली न्हाई."

मग वजनमापाच्या साहेबांना, हैबतरावांना, त्यानं विचारलं, सुधारून लिहू का? साहेबांनी उदार मनानं परवानगी दिली. काम दुसरा करतोय म्हटलं की साहेब फार उदार होत.

ताजुद्दीननं सगळं एका कागदात बसवलं. काय बंद झालं, त्याच्या जागी काय आलं, काय होतं तसंच राहिलं. भाताची पायली आणि तांदळाची पायली काट्यावर सारखी भरत नाही, दोन्ही वेगळी तोलून घ्या. घरातली पायली मोडू नका, चुलीपाशी सरकार येत नाही. आणि शेवटची ओळ : 'यापुढे काटा लागेल. मापारी लागणार नाही.'

त्यानं ते वाचून दाखवलं तशी बायको, रोशनबी, भडकली. "आपल्याच हातानं गावाला सांगताय व्हय? ती वळ गाळा."

"अर्धं सांगितलं तर त्ये माप मारल्यावानीच हाय," ताजुद्दीन म्हणाला, आणि ओळ राहिली. मला त्याचा राग आला. इतका सरळपणा परवडावा असं ते घर नव्हतं.

पत्रक छापलं. साहेबांनी त्यात एकच सुधारणा केली, खाली स्वतःचं नाव घातलं.

पहिल्या बाजाराला काटा टांगला. नवा तोलणारा जयसिंग पहिलं वजन करून ओरडला, "एक!" मुठ्याहून भात घेऊन आलेल्या गोजराबाईनं पोत्यावर अंगच टाकलं.

"एक? पयल्या मापाला लाभ म्हनत्यात. त्याबिगर माझ्या भाताला हात लावायचा न्हाई."

मागची रांगही अडून बसली. हैबतरावांनी आठ पानं चाळली, मग ताजुद्दीनचं एक पान. लाभ कुठंच नव्हता. तीस वर्षं तोंडातून आपसूक निघणारा शब्द लिहायचा असतो, हे ताजुद्दीनलाही सुचलं नव्हतं.

जयसिंग घाईघाईनं "लाभ" म्हणाला, तर बाई कडाडली, "तुज्या तोंडचा नगं. ताजूभाईला बलवा."

ताजुद्दीन आला, काट्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "लाभ!" बाजार सुरू झाला. गोजराबाईनं पसाभर भात त्याच्या झोळीत टाकलं, तिच्यामागच्यांनीही टाकलं.

घरी जाताना तो भिंतीवर डकवलेल्या पत्रकापाशी थांबला. कानावरची पेन्सिल काढली आणि शेवटच्या ओळीतलं 'मापारी लागणार नाही' एवढं खोडलं. चुकीची माहिती त्याला कधीच खपत नसे.