खोली न बदलणाऱ्या गोदाकाकू

गोदाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी लोखंडी कपाटाचं एक टोक धरलं होतं आणि दुसरं टोक धरायला त्या माणूस शोधत होत्या. मी त्याच दिवशी हिंगोलीकडून पुण्याजवळच्या जांबे गावात उतरलो होतो. लवळ्याच्या एका होस्टेलच्या कँटीनमध्ये भांडी घासायचं काम लागलं होतं आणि खोलीसाठी कुणीतरी या चाळीचा पत्ता दिला होता. अंगणात बघतो तर सगळ्या खोल्यांचं सामान बाहेर. गाद्या, सिलिंडर, देव्हारे, पाण्याची पिंपं. मला वाटलं जप्ती आली. काकू म्हणाल्या, "बघतोस काय, धर की." मी धरलं. चार नंबरातलं कपाट आम्ही सात नंबरात नेऊन ठेवलं. मग विचारलं, चार नंबरात काय वाईट होतं? त्या हसल्या. म्हणाल्या, "काय न्हाई. अकरा महिनं झालं. चारवाले सातात, सातवाले दोनात. मानूस जुनं व्हऊ नये म्हणून."

त्यांच्या साठीनिमित्त आपलं भाडेकरू मंडळ अंक काढतंय, आणि तू पण लिही असा मला मस्कतला फोन आला. अंकाचं काम बघणारे सर म्हणाले, जरा सौम्य लिही आणि चाळीच्या मालकांचं नाव नको. नाव मी लिहिणारच नव्हतो. गौरव काकूंचा आहे, त्यात मालकांना कशाला जागा द्यायची? सौम्य किती जमतं ते बघू.

ज्यांना खोलीबदल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालक अकरा महिन्यांचा करार करतात. करार संपला की भाडेकरूला त्याच चाळीत दुसऱ्या खोलीत घालतात आणि नवा कागद करतात. नळ तोच, संडास तोच, शेजारी तेच. पण कागदावर प्रत्येक माणूस नवीन. आणि आम्ही काय करायचो? त्या दिवशी सुट्टी घ्यायचो. बायका रिकाम्या खोलीला चुना लावून घ्यायच्या, कुणीतरी सगळ्यांसाठी पोहे करायचं, पोरं उघड्या अंगणात गाद्यांवर उड्या मारायची. आम्हाला बिनगावाचं करण्याचा जो दिवस, तो आम्ही सणासारखा करायचो. ही आमची अक्कल.

काकू मूळच्या बार्शीकडच्या. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, गवंडी होते. हिंजवडीच्या इमारती चढत गेल्या तसे ते त्यांच्याबरोबर चढत गेले आणि पुढे आजारपणात वारले. मग काकू कँटीनमध्ये चपात्या लाटायला लागल्या. मी भांड्यांवर होतो तेही तेच कँटीन. तिथला नियम असा की मुलांचं जेवण आटोपल्यावर जे उरेल ते कामगारांनी खायचं. काकूंनी हा नियम कधी मोडला नाही, फक्त उलटा केला. पहिल्या गरम चपात्या त्या मोरीकडे पाठवायच्या. ठेकेदाराने टोकलं तेव्हा म्हणाल्या, भुकेल्या हातातनं ताटं फुटतात, मग भरून तुम्हीच देता. त्या माणसाला पटवायची ती एकच भाषा होती आणि ती काकूंना येत होती.

आता मुख्य गोष्ट. काकूंना घर हवं होतं. फार काही नाही, सरकारी योजनेतली एक खोली आणि स्वयंपाकघर, ज्यातून कुणी अकरा महिन्यांनी उठवणार नाही. त्यासाठी इथे सलग राहिल्याचा पुरावा लागत होता. गाडी चालवायला म्हणून मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. साहेब चांगले बोलले. कागद बघून म्हणाले, मावशी, तुम्ही तर आत्ताच आलात, दहा महिने झालेत. काकू म्हणाल्या, माझी पोरगी या गावातनं सासरी गेली, तिला पोरं झाली. साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. त्यांचा तरी काय दोष, खोटं कागद बोलत होता. परत येऊन चाळीच्या फाटकाशी उतरल्यावर काकू म्हणाल्या, "माजी बारा वर्सं मालकानं खोल्या-खोल्यांत वाटून टाकली."

पुढच्या महिन्यात खोलीबदल आला. सकाळपासून अंगण सामानाने भरलं. खोल्या फिरून काकू पुन्हा सात नंबरात आल्या होत्या, आणि त्या मात्र तिथल्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसलेल्या. त्या खोलीत यायचे होते ते यादवभाऊ, वेल्डिंगचं काम करणारे, गोरखपूरकडचे. ते खाट डोक्यावर घेऊन उभे. "काकी, हमारा सामान?" काकूंनी सांगितलं, जिथं होतं तिथं ठेव. यादवभाऊंना काही कळेना.

मग मालक आले, बुलेटवरून.

"काकू, उठा. लोकं थांबल्यात."

"थांबू द्या."

"खोली माजी हाय."

"खोली तुमचीच हाय, मालक. भाडंबी तुमचं, येळेवर देतीया. वर्सं माजी हायेत. ती न्यायची न्हाईत."

मालक सगळ्यांकडे बघून हसले. म्हणाले, "बाहेरची मानसं तुमी. आज हितं, उद्या तितं. तुमाला कशाला पायजेत वर्सं?"

काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "उद्याचं तुमी नका ठरवू," म्हणाल्या. आणि दुसरी जुडी सोडली.

आता गंमत बघा. काकू सातातून हलल्या नाहीत म्हणून यादवभाऊंना सातात जाता येईना. यादवभाऊंची खोली रिकामी होईना म्हणून नऊवाल्यांना जागा नाही. नऊवाले अडले म्हणून एकवाले अडले. एक बाई बसली आणि अख्खी चाळ जागच्या जागी थांबली. आम्ही कुणी बंड वगैरे केलं नाही, आम्हाला जायला जागाच नव्हती. दुपारी ऊन चढलं. यादवभाऊंनी खाट उचलली आणि जिथून आणली होती तिथेच परत नेऊन टाकली. त्यांच्या मागून एकेकाने आपापलं सामान आपापल्या घरात नेलं. मालक मोकळ्या अंगणात उभे होते. त्या दिवशी पोहे मालकांसाठी पण ठेवले होते, काकूंनीच पाठवले. ते त्यांनी घेतले नाहीत.

याची किंमत पडली. पाण्याची मोटर बंद झाली. कँटीनचा ठेकेदार मालकांचा पाव्हणा निघाला, काकूंचं काम गेलं. काकूंनी खोलीतच पोळपाट मांडला आणि लवळ्याच्या पोरांचे डबे सुरू केले. पाणी आम्ही सगळे खालच्या विहिरीवरून आणत होतो आणि काकूंच्या पिंपात आधी ओतत होतो. मालक शेवटी नरमले, ते काही दया येऊन नाही. नवे भाडेकरू आणायचे तर जुने उठायला हवेत, आणि जुने उठत नव्हते. करार त्याच खोलीचे, त्याच नावाने पुढे चालू झाले. त्या जोरावर चाळीतल्या कितीतरी घरांचं रेशन इथे सुरू झालं, पोरांचे दाखले निघाले.

माझ्यावरचा उपकार वेगळाच. पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आले तेव्हा मालकांनी त्यांना सांगितलं, ह्यो कोन, आज हाय उद्या न्हाई. काकू आतून पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "साहेब, रोज सहा चपात्या खातोय ह्यो माज्या हातच्या. हितं राहत न्हाई तर मग खातंय कोन?" हवालदार हसले आणि साक्षीदार म्हणून काकूंची सही घेतली. त्या सहीवर मी विमानात बसलो.

इथे मस्कतला मी परका आहे. मुदत संपली की निघायचं, हे सांगूनच आणलंय. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती वेगळी. पण बार्शीची बाई जांब्यात परकी कशी? जिच्या नवऱ्याच्या हाताने या भागातल्या भिंती उभ्या राहिल्या तिला पुरावा मागणारे तुम्ही कोण? घाटापलीकडे तळ्याकाठी श्रीमंतांसाठी बांधलेल्या इमारतीच्या इमारती माणसांवाचून पडल्यात आणि इकडे एका खोलीसाठी एका बाईला आयुष्य सिद्ध करावं लागतंय. सर, हे सौम्य नाही, माहीत आहे. खोडू नका.

कारण काकूंना घर अजून मिळालेलं नाही. अर्ज पुन्हा दिलाय, सलग वर्षांचे करार जोडून. कचेरीत म्हणतात, बघू. गावातले एक मोठे गृहस्थ परवा काकूंना म्हणाले, आता साठीला घर घेऊन काय करायचंय? काकूंनी विचारलं, तुमी साठीला घर सोडलं व्हतं का? हे मला फोनवर सांगताना त्या इतक्या हसल्या की खोकला लागला.

तो खोकला मला आवडला नाही. काकू, ही माणसं भांडत नाहीत, नुसती वाट बघतात. तुमचे गुडघे जातील, तुम्ही कंटाळून बार्शीला जाल, म्हणजे फाईल आपोआप मिटेल, असा त्यांचा हिशेब आहे. तेव्हा गोळ्या वेळेवर घ्या. साखर सांभाळा. खोकला अंगावर काढू नका, यादवभाऊंना सांगून डॉक्टरकडे जा. तुम्हाला दीर्घायुष्य लाभो असं मी देवाकडे मागत नाही, ते मी तुमच्याकडेच मागतो. घर मिळेपर्यंत तर जगाच, आणि मिळाल्यावर त्याच्या भिंतींचा रंग उडेपर्यंत जगा. वाट बघून म्हातारं त्यांना होऊ द्या.

आपला,
गजानन
मस्कत