ताईचा परवाचा फोटो

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतात. दुकान दहा बाय बारा. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन दिवे आणि काउंटरवर मी. धाकट्या मेव्हणीला कामाला ठेवू नका, असं त्यांना पुष्कळांनी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. बावीस वर्षं भोगतायत.

चेहऱ्यातलं त्यांना डॉक्टरपेक्षा जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं. चेहरा म्हातारा वगैरे होत नाही, खाली घसरतो. चाळिशीत डोळ्यांखाली पिशव्या येतात. पन्नाशीत गाल उतरतात आणि नाकापासून ओठांपर्यंत दोन रेघा पडतात. साठीत वरचा ओठ बारीक होतो, नाकाचं टोक खाली येतं, कान लांबतात. हे सगळं ते गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून सांगतात आणि वर म्हणतात, हसू नका. हसायला कोणाला येतंय.

मग सांगितलेलं सगळं ते पुसतात. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिलीने पुसायचे, आता कॉम्प्युटरवर. माणशी दहा वर्षं काढायची, जास्त नाही, हा त्यांचा नियम. गिऱ्हाईक खूश होतं आणि फोटोही पास होतो, कारण दहा वर्षांसाठी कोणी भांडत बसत नाही. ताईचा फोटो असला की मात्र त्यांचा हात थांबत नसे.

गेल्या वर्षी भाचीचे दिवस भरत आले. ती परदेशात, नवऱ्याची रात्रपाळी, पहिलीच खेप. 'आई, तू येच' म्हणून रोज फोन. एकसष्ट वर्षांत ताईने पासपोर्ट काढला नव्हता. भाऊजींनी तिचा फोटो काढला आणि आम्ही तिघं कचेरीत गेलो. कागद मीच सांभाळते.

खिडकीतल्या बाईंनी फोटो बघितला, मग ताईला बघितलं.

"मुलीला घेऊन या," त्या म्हणाल्या. "अर्जदार स्वतः लागतात."

"मीच अर्जदार," ताई म्हणाली.

"मग फोटो आत्ताचा द्या."

"परवाचा आहे," भाऊजी म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी कागद गोळा करायला लागले.

दुसऱ्या खेपेला भाऊजींनी 'थोडंच' पुसलं. बाईंनी अर्जावर लाल शाईत लिहिलं, ओळख पटत नाही. पुढच्या वेळी असंच झालं तर अर्ज रद्द, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, दोन महिने. बाळ काही दोन महिने थांबणार नव्हतं.

त्या संध्याकाळी ताई दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"मी काही पुसत नाही," भाऊजी म्हणाले. "दिव्यामुळे सावल्या पडतात, त्या काढतो."

"वीस वर्षांच्या सावल्या?" मी विचारलं.

"तू गप्प बस," ताई मला म्हणाली आणि त्यांच्याकडे वळली. "तुम्ही माझी एकेक रेघ पुसत आलात. मी काही बोलले नाही. पण मी म्हातारी झालेली तुम्हाला बघवत नसेल, तर तसं तोंडावर सांगा. लेकीकडे जाणं कशाला अडवता?"

मला भाऊजींचा राग आला होता आणि कीवही येत होती.

त्यांनी नवा फोटो काढला. तो कॉम्प्युटरवर उघडला, तेवढ्यात मी माउस काढून माझ्या पर्समध्ये टाकला. आता बघण्यावाचून त्यांना दुसरं काही करता येईना. बराच वेळ ते बघत राहिले. मग ओठाशेजारच्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही कधी आली?"

"तुमच्या ऑपरेशनच्या वेळी."

"आणि ही?"

"लेक परदेशी गेली तेव्हा."

"कपाळावरची?"

"ही काउंटरवर बसली तेव्हापासून," ताई माझ्याकडे बघून म्हणाली.

भाऊजींनी माउस मागितला. मी दिला नाही. मग त्यांनी कीबोर्डवरची कळ दाबून तसाच प्रिंट काढला.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी फोटो बघितला, ताईला बघितलं आणि शिक्का मारला. ताई भाऊजींकडे वळून म्हणाली, "बघा, तिने एका नजरेत ओळखलं."



ताई वेळेत पोचली. नात झाली. सहा महिने इथे आम्ही दोघंच दुकानात, आणि भाऊजी गिऱ्हाइकांना नाक, कान काही सांगेनासे झाले. दुकानाच्या दर्शनी काचेत ताईचा चोविसाव्या वर्षीचा फोटो लग्नापासून लावलेला होता. एक दिवस त्यांनी तो उतरवला आणि पासपोर्टचा फोटो दोन फूट मोठा करून तिथे लावला. रेघा, पिशव्या, कान, सगळं दोन फुटी. ताई त्यात हसतही नव्हती.

"गिऱ्हाइकं पळतील," मी म्हणाले.

"पळू देत," ते म्हणाले.

परत आल्यावर ताई बॅग घेऊन आधी दुकानावरच आली. काचेसमोर थांबली.

"एवढा मोठा कशाला करायचा?" ती बाहेरूनच म्हणाली.

मी जाऊन बॅग आत आणली. ती आत आलीच नाही. फोटोसमोर उभी राहिली आणि त्यात बघून तिने कानामागचे केस सारखे केले.