आबांचं गाऱ्हाणं आणि माझा जबडा

मी गाव सोडलं तेव्हा एसटी फाट्यावर उभी होती, कंडक्टर घंटी मारत होता आणि आबा, म्हणजे माझे वडील, नारळाशी बोलत होते. आमच्या मालवणी मुलखात गाऱ्हाण्याशिवाय कोणी लांब जात नाही. घरचा कर्ता नारळ पुढ्यात ठेवून देवाला सगळं सांगतो, एकेक वाक्य एका दमात, आणि जमलेले दर वाक्यामागे होकार भरतात.

‘हो माझो झील मुंबयक जाता हा. तेच्या जिवाक घोर लागलो तर तो उतरव रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ आई ओरडली, चुलते ओरडले, शेवटी कंटाळलेला कंडक्टरसुद्धा ओरडला. मी तेवढा गप्प. बी.कॉम. झालेला माणूस, काखेत सर्टिफिकेटांची फाइल. मला लाज वाटत होती.

तर गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या सुटलेल्यांनो, घोर लागला. झकास लागला. अंधेरीत नोकरी, बोरिवलीत फ्लॅट, आणि तीस वर्षांत खांदे हळूहळू कानांना भिडले. मुलीला, सईला, परदेशात नोकरी लागली तेव्हा तर जबडा असा आवळला की पोळीही चहात बुडवून खायची वेळ आली. दाढा झिजल्या, रक्तदाब चढला. डॉक्टर म्हणाले, ‘विशेष काही नाही, फक्त स्ट्रेस.’ फक्त!

सई म्हणाली, ‘बाबा, तू असा असताना मी जाणार नाही. फायनल.’ ती हे गमतीत म्हणत नव्हती. तिकीट काढायचंच थांबली. माझा जबडा आणखी आवळला.

तिनेच मला अंधेरीच्या एका शिबिरात ढकललं. विषय, शरीराच्या वाटेने मज्जासंस्था शांत करणे. एसी हॉल, बारा दमलेली माणसं आणि एक शिक्षिका, जिचा आवाज इतका मऊ की ऐकूनच माझं डोकं तापलं. ‘पाय जमिनीला टेकलेत, हे जाणवू द्या.’ नाहीतर कुठे टेकणार बाई, छताला? मग स्वतःलाच मिठी मारायची. मग हातपाय झटकायचे. बारा माणसं पाण्यातून निघालेल्या बदकांसारखी थरथरत होती आणि चेहरे मात्र ऑडिटला बसल्यासारखे. शिमग्यात यापेक्षा बरं नाचतात, आणि कुणी त्याला मज्जासंस्था म्हणत नाही.

शेवटी डोळे मिटायचे, पोटावर हात ठेवायचा आणि लांब श्वास सोडायचा. ती म्हणाली, ‘मी सुरक्षित आहे. माझ्या अंगातला ताण उतरू दे…’ आणि थांबली.

अशा जागी कोणी थांबलं की आमच्याकडचा माणूस काय करणार?

‘व्हय म्हाराजा!’ मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

बारा जोडी डोळे उघडले. शेजारच्या मुलुंडच्या बाई पुटपुटल्या, ‘गाव खंयचा तुमचा?’ पुढच्या वाक्याला त्याही माझ्यासोबत ओरडल्या.

शिक्षिका म्हणाली, ‘आवाज आपण आतल्या आत ठेवूया ना?’

आतल्या आत! तीस वर्षं दुसरं काय करत होतो? पण तेवढ्यात मला जांभई आली, म्हशीसारखी, आ वासून. जबडा उघडला होता. म्हणजे विद्या खरी होती, आबांची आणि हिचीही. हिने फक्त त्या विद्येतून बाकीची माणसं काढून टाकली होती.

त्या संध्याकाळी मी सईसमोर कडक चकली खाल्ली. तिने तिकीट काढलं.

ती निघाली त्या दिवशी खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी चपलांच्या रॅकवर नारळ ठेवला. ‘ह्या माझा चेडू लांब जाता हा. तेच्या जिवाक…’ पुढे दम पुरेना. मी आबा नाही. जबडा पुन्हा घट्ट होऊ लागला. सई लॅपटॉपची बॅग धरून खाली बघत होती, अगदी मी उभा होतो तशी.

मग तिने मान वर केली. ‘व्हय म्हाराजा!’ असं ओरडली की समोरच्या शहाभाभींनी दार उघडलं, ‘शूं थयुं?’

लोक विचारतात, तुझं घर आता कुठलं, गावचं की बोरिवलीचं? नकाशात शोधा, मूर्खांनो. माझा दम संपतो तिथे कोणीतरी होकार भरतं, तेवढीच माझी जागा.

लिफ्ट खाली गेली. मी दारातच उभा राहिलो, शहाभाभींच्या देखत, आणि आबांच्या त्या गाऱ्हाण्याला माझा राहिलेला होकार भरला. जोरात.